बाई, तुम्ही पुढे व्हा

सभ्यपणाने माणसाचं नुकसान होतं, हे मला नवीन नाही. बसमधली जागा सोडून मी उभ्याने अर्धं शहर पाहिलं आहे. लोकांकडे चहाला ‘नको, नको’ म्हणून कोरड्या घशाने परतलो आहे. पण ते सगळं नुकसान माझं होतं आणि ते मी हसतमुखाने सोसलं. माझ्या सभ्यपणाचा फटका दुसऱ्या कुणाला, तोही थेट माझ्या गणिताच्या बाईंना बसेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. झालं ते सविस्तर सांगतो, म्हणजे दोष कुणाचा हे तरी ठरेल. आमच्या घरात ते आधीच ठरलेलं आहे.

सुरुवात माझ्या पोटापासून झाली. नाडी बांधायला वाकलो की बूट दिसेनासा व्हायचा आणि बूट दिसला की श्वास सापडेनासा व्हायचा. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वजनकाट्याकडे पाहिलं. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. तिला वाईट वाटेल अशी अपेक्षा होती.

“शनिवारी चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “पळायला.”

बायको दीड वर्षापासून शनिवारी पहाटे उठून कुठेतरी जाते, हे मला माहीत होतं. कुठे ते मी झोपेत असल्यामुळे विचारलं नव्हतं. तर मोठ्या बागेत दर शनिवारी सकाळी सात वाजता हौशी लोकांचं पळणं असतं. तळ्याभोवती तीन फेऱ्या, बरोबर पाच किलोमीटर. फी नाही, बक्षीस नाही. कुणीही यावं, पळावं, चालावं, मध्येच झाडाला टेकून आयुष्याचा विचार करावा. फक्त प्रत्येकाची वेळ सेकंदापर्यंत मोजतात आणि दुपारी सगळ्या जगाला दिसेल अशी यादी इंटरनेटवर लावतात. ही शेवटची गोष्ट बायकोने मला नंतर सांगितली.

त्यासाठी नावनोंदणी करून बारकोडचं एक कार्ड छापून न्यावं लागतं. आता नोंदणी म्हणजे माझा हातखंडा. मी सव्वीस वर्षं दाखले दुरुस्ती विभागात काम करतो. लोकांच्या जन्मतारखा, पत्ते, बापांची नावं, जे जे चुकलेलं असेल ते योग्य मार्गाने अर्ज आल्यावर योग्य वेळी दुरुस्त करणं, हे माझं काम. योग्य वेळ म्हणजे कुठली, हे मी ठरवतो. असा माणूस स्वतःचा अर्ज भरताना चुकेल हे कुणाला खरं वाटणार नाही. पण जन्मसालाची ती यादी बोटाने सरकवताना माझा अंगठा जरा जास्त सरकला आणि मी कागदोपत्री शहाण्णव वर्षांचा झालो.

हे मला पहिला शनिवार उलटून गेल्यावर कळलं. त्याआधी शेजाऱ्यांना कळलं होतं की मी पळणार आहे. समोरच्या ब्लॉकमधले दंतवैद्य बुधवारपासूनच येऊन बसू लागले.

“नाकाने श्वास घ्या. डावा पाय पडताना आत, उजवा पडताना बाहेर,” ते म्हणाले. “आणि जबडा सैल. सगळा ताण जबड्यात साठतो.”

“तुम्ही पळता का?”

“मी नाही पळत. माझा अभ्यास आहे.”

बुटांच्या दुकानातल्या विक्रेत्याने मला दुकानभर तीनदा चालवलं. त्याने गुडघ्यावर बसून माझ्या टाचा न्याहाळल्या आणि डाव्या पायाबद्दल असं काही सांगितलं की डाव्या पायाची मलाच दया आली. शेवटी त्याने पोपटी रंगाचे बूट दिले. माझ्या मापात तेवढा एकच जोड होता, हे मला बिल झाल्यावर समजलं.

पहिल्या शनिवारी मी दोनशे माणसांबरोबर निघालो आणि पहिल्या वळणावर एकटा उरलो. अगदी एकटा नाही. या लोकांची एक पद्धत आहे. कुणालाही शेवटचा आल्याचं वाईट वाटू नये म्हणून केशरी जाकीट घातलेलं एक माणूस सगळ्यांच्या मागून चालतं. त्या दिवशी तिथे एक हसऱ्या नर्सबाई होत्या. मी थांबलो की त्या थांबत आणि आभाळाकडे पाहत. बुटाची नाडी सुटल्याचं नाटक मी चार वेळा केलं आणि चारही वेळा त्यांनी ‘घ्या सावकाश’ म्हटलं. इतक्या प्रेमाने माझा पाणउतारा आजवर कुणी केलेला नाही. वेळ लागली अठ्ठावन्न मिनिटं. जबडा सैल होता, हे मान्य करायला हवं. तो मिटतच नव्हता.

सोमवारी ऑफिसात गेलो तर साहेबांनी माझं अभिनंदन केलं. यादीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘वयोगट पंचाण्णव आणि पुढे, पहिला क्रमांक.’ साहेबांनी ती छापून सूचनाफलकावर लावली होती. कुणीतरी खाली पेन्सिलने ‘निवृत्ती कधी?’ असं लिहिलं होतं.

मी तातडीने दुरुस्तीची विनंती पाठवली. उत्तर आलं, ‘आपला अर्ज मिळाला. वेळ लागेल.’ हे वाक्य मला ओळखीचं वाटलं, कारण ते माझंच आहे. चौकशी केली तेव्हा कळलं की बागेचे निकाल पाहणारे गृहस्थ म्हणजे एक निवृत्त ग्रंथपाल. दोन वर्षांपूर्वी जन्मतारखेतला एक दिवस दुरुस्त करून घ्यायला ते माझ्या टेबलापाशी आले होते आणि मी त्यांना चार खेपा घालायला लावल्या होत्या. सगळे त्यांना निकालसाहेब म्हणतात. त्यांनी माझ्याकडून शाळा सोडल्याचा दाखला मागवला, मग त्याची स्वच्छ प्रत मागवली, मग मूळ दाखला पडताळायला घेऊन बोलावलं. चौथ्या खेपेला माझं वय पन्नास केलं. रागावायला जागाच नव्हती. गृहस्थ शिस्तीचे होते.

तिसऱ्या शनिवारी मला पुढे एक पाठ दिसली. पांढरा अंबाडा, ताठ खांदे, साधे कॅनव्हासचे बूट आणि पावलं अशी मोजून टाकलेली, की जणू उत्तराच्या खाली दोन रेघा मारल्या आहेत. ती पाठ मी नववीत वर्षभर फळ्यासमोर पाहिली होती. त्या आमच्या गणिताच्या बाई.

बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. चार वर्षांपूर्वी त्या राहायला आल्या, तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून चवड्यांवर जातो. याला कारण आहे. नववीच्या वार्षिक परीक्षेत बाईंनी मला शंभरात चौतीस गुण दिले होते. पस्तीसला पास. त्या एका गुणापायी माझी सबंध सुट्टी गेली. सुट्टीत मला फेरपरीक्षेला बसवलं आणि वडील महिनाभर माझ्याशी फक्त भूमितीत बोलले. छत्तीस वर्षं झाली. मी मनात काही ठेवलेलं नाही. फक्त पस्तीस क्रमांकाची बस आली की मला अजून कसंतरी होतं.

मी मागे राहण्याचा प्रयत्न केला, पण बाईंना डोक्यामागे डोळे आहेत ही आमची शाळेतली समजूत खरी निघाली. “नववी ब,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “खिडकीजवळचा बाक. असा फरपटत काय येतोस? पाय उचल.”

मी पाय उचलले. त्या दिवसापासून दर शनिवारी आम्ही मागेपुढे पळू लागलो, म्हणजे त्या पुढे आणि मी मागे. हळूहळू मला कळलं की बाई सत्तर वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि पावसाळ्यापूर्वी ते बदलायचे ठरलेले आहेत. त्यानंतर पळणं कायमचं बंद. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. पाच किलोमीटर पन्नास मिनिटांत.

“पन्नास म्हणजे पन्नास,” बाई म्हणाल्या. “पन्नासला पास. एक्कावन्नला नाही.”

दर शनिवारी त्या एक्कावन्न नाहीतर बावन्नवर अडत होत्या. तीनचार महिने हे चालू होतं. मधल्या काळात माझं पोटही बऱ्यापैकी आत गेलं, बूट दिसू लागले आणि ते पोपटी आहेत हे पुन्हा आठवू लागलं. ऑपरेशनची तारीख एका सोमवारी ठरली. त्याआधी दोन शनिवार उरले.

त्यातल्या पहिल्या शनिवारी बाई जोरात होत्या. मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत शेजारून पळत होतो आणि शेवटच्या वळणावर, कसा कोण जाणे, त्यांच्या पुढे निघालो. आयुष्यात पहिल्यांदा गणितात बाईंच्या पुढे! शेवटची रेघ ओलांडली, खिशातल्या फोनवरचं घड्याळ थांबवलं आणि पाहिलं तर एकोणपन्नास मिनिटं छप्पन्न सेकंद. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात वर जात नव्हते.

रेघेनंतर दोन दोऱ्यांमधून जाणारी एक चिंचोळी वाट असते. तिच्या टोकाला एकजण क्रमांकाचे प्लास्टिकचे बिल्ले वाटत उभा असतो. मी त्या वाटेत शिरलो, मागे वळून पाहिलं, तर बाई धापा टाकत येत होत्या. आणि माझ्यातला सभ्य माणूस जागा झाला. दारात बाई उभ्या असताना मी आधी आत जाणार? मी दोरीला चिकटून उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, तुम्ही पुढे व्हा.”

“अरे, तू आधी आलास.”

“छे छे, बाई. तुमच्या आधी मी?”

“वाट अडवू नका!” मागून कुणीतरी ओरडलं. बाईंना बोलायला श्वास उरला नव्हता. त्या पुढे झाल्या. त्यांना बिल्ला मिळाला एकशे एकोणनव्वद, मला एकशे नव्वद. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. असे संस्कार हल्ली पाहायला मिळत नाहीत.

दुपारी यादी लागली. माझी वेळ पन्नास मिनिटं चार सेकंद.

मी पेटलोच. माझे आठ सेकंद गेले कुठे? चार महिने घाम गाळून मी पन्नासच्या आत आलो आणि हे लोक मला बाहेर काढतात? मी निषेधाचं पत्र लिहायला बसलो. तीन परिच्छेद झाले होते, भाषा उत्तम जमली होती. तेवढ्यात बायकोने माझ्या खांद्यावरून यादी पाहिली.

“तुमच्या वरची ओळ बघा.”

वरच्या ओळीत बाई होत्या. एकोणपन्नास मिनिटं छप्पन्न सेकंद.

“दोरीत पुढे-मागे झालात का तुम्ही?” बायकोने विचारलं.

“पुढे-मागे कसलं, मी फक्त त्यांना पुढे जाऊ दिलं.”

बायकोने कपाळाला हात लावला. मग तिने मला समजावून सांगितलं, ते दर शनिवारी सकाळी भोंग्यावरून सांगतात आणि दर शनिवारी मी तेव्हा नाडी बांधत असतो. रेघेवरचा माणूस घड्याळाचं बटण दाबतो, त्याला नावं माहीत नसतात. एकशे एकोणनव्वदावा माणूस आला, दाब. एकशे नव्वदावा आला, दाब. कोण कितवा, हे बिल्ल्यावरून ठरतं. म्हणून रेघ ओलांडल्यावर दोरीत जागा बदलायची नाही. मी सभ्यपणे माझी वेळ बाईंना दिली होती आणि त्यांची वेळ स्वतः घेतली होती.

मी निकालसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, “दोन नोंदींची अदलाबदल करायची तर दोघांची संमती लागेल. त्यांची सही आणा.” जरा थांबून म्हणाले, “वेळ लागेल.”

सही आणायला मी खाली गेलो. बाईंनी दार उघडलं आणि मला पाहून चक्क हसल्या. छत्तीस वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. “ये रे, ये! बस!” त्यांनी स्वतः चहा टाकला. यादी छापून फ्रिजवर लावली होती. लांबच्या शहरात राहणाऱ्या मुलीला कळवून झालं होतं, सर्जनना कळवून झालं होतं. कॅनव्हासचे बूट धुऊन, कागद भरून, माळ्यावर ठेवले होते.

“पुढच्या शनिवारी येणार नाही आता,” बाई म्हणाल्या. “कशाला उगाच? जे हवं होतं ते झालं. आता खुशाल कापा म्हणावं गुडघे.”

मी वर आलो.

“सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“चहा घेतला.”

“अहो, पण सांगितलंत का?”

“साखर जरा जास्त होती.”

आता माझी अडचण लक्षात घ्या. सांगितलं तर बाईंचा आनंद जातो. नाही सांगितलं तर पुढचा शनिवार, त्यांच्या पळण्याचा शेवटचा शनिवार, त्या घरी बसून घालवतात आणि खरे पन्नास करायची संधी कायमची जाते. म्हणजे खोटे पन्नास मीच त्यांच्या पदरात टाकले होते आणि खरे पन्नास मीच अडवून धरले होते. माझ्या टेबलावर सव्वीस वर्षांत अनेक अर्ज अडले, पण रात्री उठून मी कधी पाणी प्यायलो नव्हतो. त्या आठवड्यात माठ दोनदा भरावा लागला.

रविवारी पुन्हा खाली गेलो. चहा झाला. सोमवारी गेलो, चहा आणि बिस्किटं झाली. मंगळवारी जिन्यात दंतवैद्य भेटले. “बाईंचं कळलं. तुम्ही रोज अभिनंदनाला जाता म्हणे, वा! आपण सगळ्यांनी मिळून उद्या सत्कार करू. प्रत्यक्षदर्शी म्हणून तुम्ही बोला. मी निकालसाहेबांनाही बोलावतो, प्रमुख पाहुणे.”

“दाढदुखीने मला बोलता येत नाही,” मी म्हणालो.

हे मी दंतवैद्याला म्हणालो. त्यांनी तिथेच जिन्यात माझं तोंड उघडून पाहिलं आणि दाढ ठणठणीत असल्याचं जाहीर केलं.

बुधवारी संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर पंचवीस खुर्च्या लागल्या. दंतवैद्यांनी प्रास्ताविकात बाईंच्या पळण्याची सुरुवात मानवाच्या पळण्यापासून केली. माणूस प्रथम कशाला पळाला, शिकारीमागे की शिकारीपुढे, यावर दहा मिनिटं गेली. मग म्हणाले, “आणि आता तो सुवर्णक्षण ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, ते बाईंचे लाडके विद्यार्थी...”

मी उठलो. समोर पहिल्या रांगेत बाई, ठेवणीतल्या साडीत, हात मांडीवर, मान किंचित तिरपी. मी फळ्यावर उदाहरण सोडवायला आलेलो असलो की त्या अशाच बसत. मी म्हणालो, “बाईंबद्दल काय बोलावं...” आणि खरोखरच काही सुचेना. बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांनी म्हणाली, बोला.

“बाई,” मी म्हणालो, “ते एकोणपन्नास छप्पन्न माझे होते.”

आधी लोक हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतोय. मग मी रेघ, दोरी, बिल्ला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “तुमचे पन्नास मिनिटं चार सेकंद झाले होते, बाई. चूक माझी. मी तुम्हाला पुढे व्हा म्हणालो.”

दंतवैद्यांच्या हातातला पुष्पगुच्छ पुढे जावं की मागे, अशा बेतात अधांतरी राहिला.

“उभा राहा,” बाई म्हणाल्या.

“उभाच आहे, बाई.”

“मग बसू नकोस.” त्या हळूच उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. “चाळीस वर्षं शिकवलं. कुणाला एक गुण वाढवून दिला नाही.” त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. “तुला तर ते ठाऊक आहे.”

म्हणजे बाईंना आठवत होतं.

“आणि तू मला आठ सेकंद वाढवून देतोस? तीन दिवस माझ्याकडे चहा पितोस आणि सांगत नाहीस?”

निकालसाहेबांनी पिशवी उघडली. अर्ज त्यांनी आणलाच होता. “दोन्ही पक्ष हजर आहेत तर सह्या होऊन जाऊ द्या,” ते म्हणाले. गच्चीवरच्या खुर्चीवर कागद ठेवून बाईंनी सही केली, ठळक, एका दमात, तारखेसकट. मग माझ्याकडे पेन देत म्हणाल्या, “शनिवारी मी येणार. बूट माळ्यावर आहेत, ते काढून दे. तू पळायचं नाहीस.”

“का, बाई?”

“पळलास की पुन्हा पुढे व्हा म्हणशील. तू रेघेवर घड्याळ घेऊन उभा राहा. तिथे सभ्यपणाला जागा नाही.”

निकालसाहेबांनी शनिवारच्या मदतनिसांच्या यादीत वेळ नोंदवणारा म्हणून माझं नाव तिथेच लिहून टाकलं. या एका अर्जाला मात्र वेळ लागला नाही.

शनिवारी सकाळी सातला माझ्या हातात घड्याळ आलं. काम सोपं आहे. माणूस रेघ ओलांडतो, अंगठा दाबायचा. पण दोनशे माणसं ओलांडू लागली की अंगठ्यालाही घाम येतो. एक बाप बाबागाडी ढकलत आला. हा एक की दोन? मागून निकालसाहेब ओरडले, “एक!” एक कुत्रं आलं, त्याला मी दाबणार होतो. दोघी मैत्रिणी हातात हात घालून आल्या आणि विचारू लागल्या, “काका, आमच्यात पहिली कोण?” पंचेचाळीस मिनिटं झाली. सत्तेचाळीस. शेजारी दंतवैद्य येऊन उभे राहिले आणि घड्याळ कसं धरावं यावर बोलू लागले. मी त्यांना म्हणालो, “जबडा मिटा.” सभ्यपणा सोडल्याचा तो माझा पहिला प्रसंग, आणि बरं वाटलं.

अठ्ठेचाळीस मिनिटांना वळणावर पांढरा अंबाडा दिसला.

शेजारून माझी बायको पळत होती. तिला बाईंनी सोबत घेतलं होतं, मात्र सक्त ताकीद देऊन, की रेघेपाशी दोन पावलं मागे राहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाईंचा चेहरा लाल झाला होता. उजवा गुडघा दर पावलाला आत वळत होता आणि तरी खांदे ताठ होते. लोक ओरडू लागले. मघाच्या दोघी मैत्रिणी ओरडत होत्या, दंतवैद्य श्वास आत, श्वास बाहेर करत होते. एकोणपन्नास वीस. एकोणपन्नास चाळीस. मला ओरडायचं होतं आणि घड्याळावरून नजर हलवता येत नव्हती. रेघेवर एकच माणूस असतो, त्याला बाजू घेता येत नाही. इतकं एकटं मला पहिल्या शनिवारीही वाटलं नव्हतं.

बाई दहा पावलांवर आल्या. अंगठा जरासा आधी दाबला असता तर कुणाला कळणार होतं? हे माझ्या मनात आलं, मी ते लपवत नाही. बाईंनी मान वर केली आणि थेट माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

त्यांचा पाय रेघेवर पडला. मी दाबलं.

दाबल्यावर पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा काढून, पुसून, घालून पुन्हा पाहिलं.

बाई दोन पावलं पुढे जाऊन वळल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. सगळा भार त्या हातावर होता.

“किती?”

“पन्नास मिनिटं, एक सेकंद.”

बायको मागे दोन पावलांवर उभी राहिली होती, तिने तोंडावर हात ठेवला. बाई माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांची छाती वरखाली होत होती.

“नीट पाहिलंस?”

“तीन वेळा पाहिलं, बाई.”

त्यांनी मान हलवली. श्वास परत येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग माझा खांदा एकदा दाबला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तुझा पेपर मीही तीन वेळा तपासला होता रे. कुठे एखादा गुण सापडतो का म्हणून. नाही सापडला. वाईट वाटलं होतं मला.”

छत्तीस वर्षं मी तो एक गुण मनात धरून बसलो होतो, आणि या बाई उन्हाळ्याच्या दिवसांत कुठल्यातरी खोलीत बसून तो शोधत होत्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी बागेत, दोनशे लोकांसमोर, पोपटी बूट घालून रडलो.

“मागच्यापेक्षा तीन सेकंद कमी,” बाई म्हणाल्या. “प्रगती आहे. हो बाजूला, बिल्ला घेऊ दे.” आणि त्या ताठ मानेने दोरीच्या वाटेत शिरल्या, स्वतःच्या क्रमांकाने.

सोमवारी ऑपरेशन झालं. गुडघे उत्तम बसले. बाई आता काठी घेऊन जिन्यापर्यंत येतात. मी त्यांच्या दारावरून टाचा वाजवत जातो, आणि आतून “पाय उचल” असा आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं.

राहता राहिला निकालपत्रकाचा प्रश्न. बाईंशी बोलत होतो तेवढ्या वेळात माझ्यासमोरून सात माणसं रेघ ओलांडून गेली आणि मी एकदाही बटण दाबलं नाही. त्यामुळे बाईंच्या मागे आलेल्या अठ्ठावीसजणांच्या वेळा सात-सात जागा सरकल्या. माझी बायको, जी बाईंच्या मागे दोन पावलांवर होती, ती यादीत चार मिनिटांनी आली. केशरी जाकिटातल्या नर्सबाईंना तर वेळच उरली नाही. निकालसाहेबांनी मला छापील अर्ज पाठवला. नाव, दिनांक, चुकीचं स्वरूप, बाधित व्यक्तींची संख्या, सगळं मी नीट भरलं. शेवटचा रकाना होता, चुकीचं कारण.

दुसऱ्या कुणी असा अर्ज माझ्या टेबलावर आणला असता तर ‘कारण पुरेसं नाही’ म्हणून मी तो परत पाठवला असता. निकालसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि मंजूर केला.

मी लिहिलं होतं, ‘बाई आल्या होत्या.’